खानदेशची शेतकी विद्या : भडगांवपासून राहुरीपर्यंत



'कृषि विद्यापीठ' हा शब्द आज खानदेशांतील कोणत्याही खेड्यांत परका राहिलेला नाहीं. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें नांव बियाण्याच्या पिशवीवर दिसतें, आणि त्याची 'कृषिदर्शनी' कित्येक शेतकऱ्यांच्या घरीं आढळते. परंतु हें विद्यापीठ कोठून आलें, तें येण्यापूर्वीं आपल्या मुलुखांत शेतीचें शास्त्र कोणीं चालविलें, आणि त्यांत खानदेशचा वांटा कोणता, असें विचारलें तर चांगला शिकलेला माणूसही घुटमळतो. विद्यापीठाचें वय साठीच्या आंतलें आहे. पण त्याच्या मुळाशीं असलेला इतिहास शंभर वर्षांनीं जुना आहे, आणि त्याचीं पहिलीं पानें आपल्याच भागांत लिहिलीं गेलीं आहेत. तीं पानें आज आपल्यापुढें उघडावयाचीं आहेत.

आरंभ कापसापासून केला पाहिजे. १८१८ सालीं पेशवाई संपून खानदेश इंग्रजांच्या अमलाखालीं आला, त्या वेळीं पेंढाऱ्यांची धामधूम आणि दुष्काळ यांमुळें येथील कित्येक गांवें ओस पडलेलीं होतीं. कॅप्टन ब्रिग्ज यांनीं धुळ्यास मुख्य ठाणें केलें, शहर वसविलें, आणि पुढील चाळीस वर्षांत पडीत जमिनी हळूहळू लागवडीस आल्या. तथापि शेतीच्या सुधारणेकडे सरकारचें खरें लक्ष गेलें तें समुद्रापलीकडील एका घटनेमुळें. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तेथील कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्यांची दृष्टि खानदेश-वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर खिळली. त्याच सुमारास आगगाडीचे रूळ तापीच्या खोऱ्यांत येऊन पोंचले. कापसाचा भाव एकाएकीं चढला, आणि त्याबरोबर भेसळही वाढली. ती रोखण्यासाठीं मुंबई सरकारनें १८६३ मध्यें स्वतंत्र कायदा केला.

कायद्यानें भेसळ फार तर थांबेल. धागा कांहीं लांब होणार नाहीं. म्हणून खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नर यांनीं हिंगणघाटच्या लांब धाग्याच्या कापसाचें बी आणवून त्याचा प्रसार मोठ्या उत्साहानें केला. १८७० च्या आगेंमागें गिरणाकांठच्या भडगांवास सरकारचें 'मॉडेल फार्म', म्हणजे नमुन्याचें शेत, सुरू झालेलें होतें. नव्या जातींचें बी आणि नवीं अवजारें तेथें अजमावून पाहावीं आणि शेतकऱ्यांनीं तीं पाहून उचलावीं, असा हेतु होता. १८७२ च्या सप्टेंबरांत गिरणेस महापूर येऊन भडगांवची मोठी हानि झाली. तरीही कांहीं काळ शेताचें काम पुढें चाललें होतें. मग तेंही मागें पडलें, आणि आज भडगांवकरांपैकीं फारच थोड्यांना त्याची आठवण असेल.

हिंगणघाटी कापसाचें काय झालें, तें मात्र लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कांहीं वर्षें तो खानदेशांत चालला. मग त्याची जागा आंखूड आणि जाड धाग्याच्या वऱ्हाडी वाणानें घेतली. वरून पाहणाऱ्यास हा शेतकऱ्याचा अडाणीपणा वाटे. वस्तुतः त्यांत हिशेब होता. धाग्याची लांबी गिरणीवाला पाहतो. एकरीं कापूस किती आला, मणभर कापसांतून रुई किती निघाली आणि पाऊस रुसला तर झाड तगतें कीं नाहीं, हें शेतकरी पाहतो. लांब धाग्याला मिळणारा चढा भाव जर कमी उताऱ्याचें नुकसान भरून काढीत नसेल, तर तें बी त्यानें पेरावें कशासाठीं? भडगांवच्या शेतानें सरकारला शिकविलेला हा पहिला धडा होता. तो उमगण्यास मात्र पुष्कळ वर्षें लागलीं.

याच काळांत पुण्यास एक पुरुष हाच प्रश्न शेतकऱ्याच्या बाजूनें मांडीत होता. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शाळांतून शेतकीचें शिक्षण द्यावें आणि शाळांना जोडून लहान लहान नमुन्याचीं शेतें असावीं, अशी मागणी होती. पुढच्याच वर्षीं पुरा झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत तर त्यांनीं शेतीच्या सुधारणेची योजनाच दिली आहे. डोंगरउतारांवर ताली-बांध घालून पाणी आणि गाळ शेतांतच अडवावा, आणि त्या कामीं सरकारनें आपल्या पलटणीही लावाव्या. शेतमालाचीं व जनावरांचीं प्रदर्शनें भरवून बक्षिसें द्यावीं. शेतकऱ्यांच्या मुलांस त्यांच्या धंद्याची विद्या मिळावी. शेतकी शाळा त्यांना साहेबलोकांच्या प्रयोगाची जागा म्हणून नको होती. कुणब्याच्या पोराचा तेथें प्रवेश व्हावा, हा त्यांचा आग्रह होता. पुढें एका कृषि विद्यापीठास त्यांचें नांव दिलें गेलें, तें केवळ गौरवापुरतें नव्हे. तें नांव धारण करणें म्हणजे हें मागणें मान्य करणें होय.

सरकारी बाजूनें शिक्षणाची सोय १८७९ मध्यें झाली. त्या वर्षीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांत शेतकीचा वर्ग निघाला, आणि १९०७-०८ च्या सुमारास त्याचें स्वतंत्र शेतकी कॉलेज झालें. त्याचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. परंतु त्यांनीं प्रयोगशाळेच्या बाहेर पडून पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची घरोघर व शेतोशेत पाहणी केली, आणि १९१७ मध्यें ती प्रसिद्ध केली. जमिनीचे तुकडे किती पडले आहेत आणि कर्ज किती चढलें आहे, हें तींत आंकड्यांनिशीं दाखविलें होतें. शेतीचा अभ्यास मातीपुरता नसून माणसाचाही आहे, हें महाराष्ट्रांत एवढ्या स्पष्टपणें प्रथमच मांडलें गेलें. पुढें हेच मान मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे मुख्य झाले.

आतां पुन्हां खानदेशांत येऊं. १९०६ मध्यें खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि धुळें हें पश्चिम खानदेशचें मुख्य ठाणें राहिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं येथें शेतकी खात्याचें प्रयोगक्षेत्र चालूं झालें होतें. या वेळीं खात्यानें भडगांवचा धडा मनावर घेतला. शेतकऱ्याच्या वऱ्हाडी कापसाची निंदा न करतां त्याच्या मिश्र पिकांतूनच निरनिराळीं झाडें वेगळीं काढलीं, आणि ज्या जातीचा रुईचा उतारा सर्वांत अधिक, ती निवडली. तिचें शास्त्रीय नांव मोठें लांबलचक, म्हणून ती 'एन. आर.' या आद्याक्षरांनीं किंवा 'रोझियम' या नांवानें ओळखली जाऊं लागली. तिचा धागा आंखूडच होता. पण शेतकऱ्याच्या पदरांत चार पैसे जास्त पडले, आणि जुलूम-जबरदस्तीवांचून तिचा प्रसार झाला.

मग गिरण्यांची तक्रार आली कीं, आंखूड धागा आम्हांस नको. १९२१ मध्यें मध्यवर्ती कापूस समिति स्थापन झाली, आणि १९२३ मध्यें बाहेरचा हलका कापूस एखाद्या विभागांत आणून मिसळण्यास बंदी घालण्याचा कायदा झाला. त्यांतच 'मर' या रोगानें शेतेंच्या शेतें वाळूं लागलीं होतीं. हा रोग जमिनींतील बुरशीमुळें होतो, म्हणून वरून फवारलेलें औषध तेथें चालत नाहीं. यावर जो उपाय संशोधकांनीं योजला, तो ऐकण्यासारखा आहे. रोगट जमीन टाळावयाची सोडून ते मुद्दाम त्याच जमिनींत पेरीत. हजारों झाडें मरत. जीं थोडीं उरत, त्यांचें बी धरून पुन्हां तेथेंच पेरीत. असें वर्षानुवर्षें केल्यावर मर रोगास दाद न देणारें वाण हातीं येई. १९३० नंतरच्या काळांत एन. आर. मधून निवडलेलें 'जरीला' हें वाण पुढें आलें. तें मर सोसणारें होतें आणि धाग्यानेंही बरें होतें. शेतकरी आणि गिरणीवाला या दोघांचाही हिशेब त्यांत बसला, म्हणून तें खानदेशाबाहेर वऱ्हाड-मध्यप्रांतांतही दूरवर पसरलें. भडगांवपासून जरीलापर्यंत साठ-सत्तर वर्षें लोटलीं, हें विसरून चालणार नाहीं. बियाण्याचें संशोधन ही एका हंगामाची गोष्ट नव्हे.

इतर भागांतही याच सुमारास अशीं केंद्रें उभीं राहिलीं. पाडेगांवास १९३२ मध्यें उसाचें, सोलापुरास १९३३ मध्यें कोरडवाहू शेतीचें. ज्वारीच्या 'मालदांडी' वाणाची प्रसिद्ध निवड मोहोळ येथील. म्हणजे विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वींच त्याचे हात-पाय ठिकठिकाणीं तयार होते. उणीव होती ती त्यांस जोडणाऱ्या एका शरीराची. कॉलेज शिकवी, पण त्याची पदवी दुसऱ्याच विद्यापीठाची. संशोधन शेतकी खात्याचें. आणि खेड्यांत जाऊन सांगणारे अधिकारी तिसरेच. शेतकऱ्याची अडचण प्रयोगशाळेपर्यंत पोंचावयाची तर तिला तीन कचेऱ्या ओलांडाव्या लागत.

या तिन्ही कामांस एका छपराखालीं आणण्याची कल्पना अमेरिकेंतली. विशेष हें कीं, ज्या यादवी युद्धानें खानदेशच्या कापसास भाव आणला, त्याच युद्धाच्या ऐन भरांत, १८६२ मध्यें, तेथील सरकारनें घटक राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नांतून शेती व यंत्रविद्या शिकविणारीं कॉलेजें काढविलीं. आपल्याकडे १९०५ मध्यें बिहारांत पुसा येथें मध्यवर्ती संशोधनसंस्था निघाली; १९२६ ते १९२८ या काळांत शेतीविषयीं रॉयल कमिशन बसलें, आणि त्याच्या शिफारशीनें १९२९ मध्यें मध्यवर्ती कृषि संशोधन परिषद निर्माण झाली. स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या आयोगानें ग्रामीण विद्यापीठांचा विचार पुढें मांडला. १९६० च्या नोव्हेंबरांत उत्तर प्रदेशांतील पंतनगर येथें (तें आतां उत्तराखंडांत आहे) पंडित नेहरूंच्या हस्तें देशांतील पहिल्या कृषि विद्यापीठाचें उद्घाटन झालें. त्याच १९६० सालीं धुळ्यास शेतकी कॉलेज सुरू झालें, ही आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीनें मोठी गोष्ट. तोंवर खानदेशच्या मुलाला शेतकी शिकावयाची तर पुण्याची वाट धरावी लागे. ज्या घरांत एका मुलाच्या खोलीचें भाडें भरणें जड, त्या घरच्या मुलास पुणें फारच दूर होतें.

पुढें कोठारी आयोगानें प्रत्येक राज्यांत निदान एक कृषि विद्यापीठ असावें, अशी शिफारस केली. महाराष्ट्रानें १९६७ मध्यें कायदा केला. पण विद्यापीठ कोठें व्हावें, यावर वाद पेटला. विदर्भानें तें अकोल्यास मागितलें, आंदोलन झालें, आणि त्यांत प्राणहानीही झाली. १९६८ च्या मार्चमध्यें विद्यापीठाची स्थापना झाली. पुढल्याच वर्षीं, १९६९ च्या ऑक्टोबरांत, अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवाचें दुसरें विद्यापीठ निघालें आणि राहुरीचें विद्यापीठ महात्मा फुल्यांच्या नांवानें काम करूं लागलें. १९७२ मध्यें परभणी व दापोली येथें आणखी दोन झालीं. राहुरीच्या विस्तीर्ण क्षेत्रासाठीं आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि त्यांच्या वारसांच्या नोकऱ्यांचा प्रश्न पुढें अनेक वर्षें गाजत राहिला. शेतकऱ्याच्या विद्यापीठाची पहिली किंमत शेतकऱ्यानेंच भरली, हें त्याच्या इतिहासांत नमूद असावें.

राहुरीकडे पश्चिम महाराष्ट्र व खानदेश मिळून आज दहा जिल्हे आहेत. धुळ्याचें कॉलेज आणि जुनीं प्रयोगकेंद्रें तिच्या छत्राखालीं आलीं. तिच्या कामाचा सगळा पाढा वाचण्यास येथें वेळ नाहीं. उसाचें 'को ८६०३२' हें वाण आणि डाळिंबाचा 'भगवा' यांनीं दक्षिणेकडील जिल्ह्यांचा कायापालट केला, एवढें सांगून मी आपल्या दोन वाणांकडे वळतों.

पहिलें वाण भुईमुगाचें. जळगांवच्या तेलबिया संशोधन केंद्रांत परदेशांतून आलेल्या एका वाणांतून निवड करून 'जे. एल. २४' अथवा 'फुले प्रगति' हें वाण काढलें गेलें, आणि १९७८-७९ च्या सुमारास तें शेतकऱ्यांस मिळालें. यांतील 'जे. एल.' हीं अक्षरें जळगांवचीं. लवकर तयार होणारें, उपटें आणि थोड्या पावसावर साधणारें हें वाण देशभर पसरलें. इतकेंच नव्हे, तर आफ्रिकेंतील मलावी देशांत हेंच वाण 'काकोमा' या नांवानें पेरलें जातें. भुईमुगाचें बी एकदां चांगलें मिळालें कीं शेतकरी तें घरचें घरीं राखूं शकतो. गिरणेच्या खोऱ्यांतील बी जगाच्या दुसऱ्या टोकास जाऊन तेथील गरिबाच्या कणगींत पडलें, ही गोष्ट शाळेंतील मुलांना सांगण्यासारखी आहे.

दुसरें वाण बाजरीचें. धुळ्याच्या कॉलेजांत बाजरी संशोधनाचें काम चालतें. 'आदिशक्ति', 'महाशक्ति' हे संकरित वाण तेथील. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें राहुरी विद्यापीठाच्या सहकार्यानें लोहाचें प्रमाण अधिक असलेली 'धनशक्ति' बाजरी २०१२ मध्यें महाराष्ट्रांत प्रसृत केली. या लोहयुक्त बाजरीच्या भाकरीचा प्रयोग महाराष्ट्रांतील शाळकरी मुलामुलींवर करण्यांत आला, आणि ज्यांच्या अंगीं लोह कमी होतें, त्यांची स्थिति कांहीं महिन्यांत सुधारल्याचें २०१५ मध्यें प्रसिद्ध झालें. ज्यानें जन्मभर वर्गांत फिक्या चेहऱ्यांच्या, दुपारीं पेंगणाऱ्या मुली पाहिल्या आहेत, त्याला या संशोधनाची किंमत समजावून सांगावी लागत नाहीं. आणि 'धनशक्ति' हें संकरित वाण नव्हे, सरळ वाण आहे. तिचें बी शेतकरी राखून पेरूं शकतो.

येथपर्यंतचा इतिहास अभिमानाचा आहे. यापुढचा भाग काळजीचा आहे. १९७० मध्यें सुरतेच्या केंद्रांत डॉ. सी. टी. पटेल यांनीं 'संकर-४' हा कापूस काढला आणि संकरित कापसाचें युग सुरू झालें. संकरित बियाण्यानें पीक वाढतें, हें निर्विवाद. परंतु त्याचें घरचें बी पुढच्या वर्षीं तसेंच उतरत नाहीं, म्हणून तें दरसाल विकत घ्यावें लागतें. २००२ मध्यें बोंडअळीस प्रतिकार करणाऱ्या बीटी कापसास सरकारनें परवानगी दिली. हें तंत्र खाजगी कंपन्यांच्या मालकीचें होतें. थोड्याच वर्षांत खानदेशचीं शेतें त्यानें व्यापलीं. आरंभीं फवारणीचा खर्च वांचला, उत्पन्नही वाढलें. तें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. पण अळीही शिकते. गुलाबी बोंडअळी त्या प्रतिकारास सरावली आणि २०१७ च्या हंगामांत तिनें महाराष्ट्रांत हाहाकार उडविला. त्या वेळीं मागें वळून पाहावें तर ज्या जिल्ह्यांत शंभर वर्षें कापसाचें संशोधन झालें, तेथें शेतकऱ्याच्या हातीं पुरेसें देशी बी उरलेलें नव्हतें. केळीच्या बाबतींतही ऊतिसंवर्धित 'ग्रँड नैन' रोपें आणि ठिबक सिंचन यांचा प्रसार जळगांवांत मुख्यतः एका खाजगी कारखान्यानें केला. त्यांत शेतकऱ्याचें हित झालें, आणि त्याचें श्रेय ज्याचें त्यास दिलें पाहिजे. परंतु जें फायद्याचें नाहीं तें व्यापारी करणार नाहीं. घरीं राखतां येणारें बी विकणाऱ्यास फायदा थोडा. म्हणूनच तें निर्माण करणें हें सार्वजनिक विद्यापीठाचें काम आहे. २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपलें बी राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा हक्क दिलेला आहे. राखण्याजोगें बीच नसेल, तर तो हक्क कागदावरच राहील.

अलीकडे खानदेशासाठीं स्वतंत्र कृषि विद्यापीठ असावें, अशी मागणी वारंवार होते. कधीं तें जळगांवास मागितलें जातें, कधीं धुळ्यास. कोल्हापूरच्या मुसळधार पावसापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतचा मुलूख एका ठिकाणाहून सांभाळणें कठीण, हें म्हणणें योग्यच आहे. मुक्ताईनगर आणि नंदुरबार येथें शासकीय कृषि महाविद्यालयें निघालीं. धुळें, ममुराबाद, पाल व नंदुरबार येथें कृषि विज्ञान केंद्रें आहेत. तथापि आजच्याच विद्यापीठांतील रिकाम्या पदांची ओरड वर्षानुवर्षें चालू असतां, नवी पाटी लावल्यानें काय साधेल, याचाही विचार व्हावा. कुलगुरूंची कचेरी धुळ्यास आली आणि कापसाच्या शेतांत राबणारा संशोधक मात्र नेमलाच गेला नाहीं, तर खानदेशला काय मिळालें?

शाळेची परीक्षा तिच्या इमारतीवरून होत नाहीं. तिच्यांतून बाहेर पडलेल्या मुलांवरून होते. शेतकी पदवी घेतलेले आपले पुष्कळसे तरुण सरकारी परीक्षांच्या अभ्यासिकांत बसलेले दिसतात. त्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं, कारण घरची शेती त्यांचें पोट भरूं शकत नाहीं, हें तेच सर्वांहून चांगलें जाणतात. पण त्यांतील कांहीं जणांनीं जरी आपल्या गांवचा प्रश्न, आपल्या आजीला समजेल अशा अहिराणींत, प्रयोगकेंद्रापर्यंत नेला आणि तेथलें उत्तर गांवांत परत आणलें, तरी जोतीरावांनीं १८८२ मध्यें मागितलेली गोष्ट निम्मी साधेल. उरलेल्या निम्म्यासाठीं शेतकऱ्यांनीं स्वतः विचारलें पाहिजे. जवळच्या कृषि विज्ञान केंद्रावर एकदां जाऊन, घरीं राखतां येईल असें कोणतें बी यंदा मिळेल, एवढा एकच प्रश्न प्रत्येकानें विचारावा. पुष्कळांनीं विचारलेला प्रश्न फार दिवस अनुत्तरित ठेवतां येत नाहीं.